बर्फ असो की काळ्या रानातला चिखल, चाकावर भार किती ते बघा

माझ्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी गाडी शिकून गेलेला एक मुलगा परवा घरी आला. जिंतूर रस्त्याला त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. बसल्या बसल्या म्हणाला, "सर, नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे मनालीला जायलोत. लेकरांना बर्फ दाखवायचाय. घरी अर्टिगा आहे, काकाची बोलेरो आहे. दाजी म्हणतेत अर्टिगा न्या, ती पुढच्या चाकांवर चालती, बर्फात तीच चांगली. काका म्हणतो, मी बोलेरो चिखलातून किती वेळा काढली, तिच्यासारखी गाडी नाही. कुणाचं धरावं?"

परभणीत मी बावीस वर्षांपासून गाडी चालवायला शिकवतो. हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, आणि दर पावसाळ्यात तोच प्रश्न पाणंद रस्त्याच्या निमित्तानं येतो. दाजीही चूक नाहीत आणि काकाही चूक नाही. पण दोघंही आपापल्या अनुभवाचा एकच तुकडा धरून बसलेत, आणि गाडीत सात माणसं जाणार आहेत, त्यातली तीन लहान. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो.

ताकद कुठं जाते

इंजिन ताकद तयार करतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी पुढं सरकते ती टायर रस्त्याला मागं ढकलतं म्हणून. रस्त्यानं टायरला धरलं नाही तर इंजिन शंभर घोड्यांचं असो की दोनशेचं, चाक जागच्या जागी गरगर फिरतं. त्यामुळं पहिला प्रश्न असा की इंजिनाची ताकद कोणत्या चाकांकडं पाठवली आहे.

तुमच्यापुढं एसटी किंवा उसाचा ट्रक चालला असेल तर मागून जरा खाली बघा. मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक मोठा गोळा दिसतो. इंजिन पुढं असतं, तिथून एक लांब नळीसारखा दांडा गाडीच्या पोटाखालून मागं येतो आणि या गोळ्यात शिरतो. दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि गोळा म्हणजे डिफरन्शियल. ताकद मागच्या चाकांना मिळते, पुढची चाकं फक्त वळतात. ही झाली रिअर व्हील ड्राइव्ह. जुनी ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, टाटा सुमो अशीच होती. आजची बोलेरो, ईको, छोटा हत्ती, इनोव्हा क्रिस्टा याच जातीच्या.

दुसऱ्या प्रकारात इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं असतं, गिअरबॉक्स त्याला खेटून, आणि तिथूनच दोन आखूड दांडे पुढच्या दोन चाकांना जातात. मागची चाकं नुसती मागं मागं येतात. इंजिन आडवं बसवायची ही रीत इंग्लंडात १९५९ साली आलेल्या मिनी या छोट्या गाडीनं जगभर नेली. अलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्यानं ती आखली होती. आपल्याकडं डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घराघरात पोचली. पोटाखालचा दांडा गेल्यामुळं आत पाय ठेवायला जागा झाली, वजन घटलं, किंमत घटली. स्विफ्ट, आय ट्वेंटी, अर्टिगा, नेक्सॉन सगळ्या याच वाटेच्या.

आपल्या मराठवाड्यातच या दोन्ही जाती किती ठसठशीत आहेत बघा. संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जायला लागल्या, त्यातली ऑक्टाव्हिया पुढच्या चाकांवर चालणारी. आणि त्याच शहरातल्या लोकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर बातमी झाली होती. मर्सिडीजच्या त्या काळच्या सी, ई आणि एस क्लासच्या गाड्या आपल्याकडं मागच्या चाकांवर चालत. म्हणजे मागची चाकं ही केवळ ओझं वाहणाऱ्या गाड्यांची गोष्ट नाही.

सगळं भारावर येऊन थांबतं

गुळगुळीत फरशीवर रिकामी पाटी बोटानं सरकते, तीच धान्यानं भरलेली असेल तर दोन्ही हात लावावे लागतात. टायरचंही तसंच. टायरवर जितका भार, तितकी त्याची रस्त्यावर पकड. आणि रस्ता जितका निसरडा, तितकी त्या भारातली कमी वाटणी पकडीच्या रूपानं हाती येते. कोरड्या डांबरावर चाकावर शंभर किलो भार असेल तर साधारण सत्तर-ऐंशी किलोची पकड मिळते. ओल्या डांबरावर चाळीस-पन्नासची. दाबून बसलेल्या बर्फावर वीस-तीसची. आणि वितळून पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर दहाची, कधी त्याहून कमी.

आता दाजींचं म्हणणं घ्या. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं वजन पुढच्या चाकांवर बसलेलं असतं. गाडीत एकटा ड्रायव्हर असेल तर एकूण वजनातलं साठ टक्के पुढं आणि चाळीस मागं, असा हिशेब पडतो. ज्या चाकांना ओढायचं त्यांच्याच डोक्यावर जास्त भार, म्हणून निसरड्यावर ती चटकन धरतात. रिकाम्या बोलेरोसारख्या गाडीत मागच्या चाकांवर पंचेचाळीस टक्के धरा. ढकलायचं काम त्यांच्याकडं, पण भार कमी, म्हणून ती आधी घसरतात. सपाट बर्फावर, रिकाम्या गाडीला दाजी म्हणतात तेच खरं.

पण मनालीचा रस्ता सपाट नाही आणि गाडी रिकामी नाही.

चढावर गाडीचं नाक वर होतं आणि वजन मागं झुकतं. आणि सात माणसं बसली की तिसऱ्या रांगेतली दोघं-तिघं आणि त्यांच्या मागच्या बॅगा जवळजवळ मागच्या चाकांच्या डोक्यावरच येतात. मी त्या मुलासमोर वहीत हिशेब मांडला. बर्फाची पकड वीस टक्के धरली. रिकामी अर्टिगा त्यावर शंभर मीटरला साडेअकरा मीटर उंच जाणारा चढ चढेल, रिकामी बोलेरो नऊ-साडेनऊ मीटरचा. म्हणजे दाजी पुढं. आता दोन्ही भरल्या. भरल्यावर अर्टिगाच्या पुढच्या चाकांवर पन्नास टक्के भार राहिला आणि बोलेरोच्या मागच्या चाकांवर साठ टक्के गेला असं धरा. हिशेब पार उलटतो. अर्टिगा साडेनऊ मीटरला अडते, बोलेरो साडेबारा मीटरचा चढ चढते.

वहीवरचे हे आकडे बघून तो थोडा वेळ गप्पच बसला. कारण काकाचा अनुभव हाच होता. काका बोलेरोत कधीच रिकामा फिरत नाही, मागं कायम खताच्या गोण्या नाहीतर माणसं असतात. दाजी एकटे स्विफ्टमधून हिमाचल फिरून आले होते. दोघंही आपापल्या जागी जे दिसलं तेच सांगत होते.

गावाकडच्या चढावर आणखी एक युक्ती जुने ड्रायव्हर करतात. पुढच्या चाकांची गाडी चिखलात चढ चढेना तर तिला फिरवून रिव्हर्समध्ये चढवतात. तसं केलं की ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि भार त्यांच्याकडं झुकतो. फरक थोडाच पडतो, पण शेताच्या बांधावर तेवढा पुरतो. डोंगरातल्या बर्फाळ रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना, हे कोणी करू नये.

चिखल आणि बर्फ एक नाही

आपल्याला बर्फ माहीत नाही, पण काळी माती माहीत आहे, म्हणून मी नेहमी तिच्यापासून सुरू करतो. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. जून-जुलैत पाणंदीत गाडी घातली की ती टायरच्या खाचांत भरते आणि बाहेर निघत नाही. एकदा मी उतरून बघितलं होतं. नवाकोरा टायर, दीड महिन्यापूर्वी टाकलेला, पण खाच एकही दिसत नव्हती. वर गुळगुळीत, चकचकीत काळा लेप, कुंभारानं हात फिरवल्यासारखा. अशा चाकाला कशाचीच पकड नसते. त्यात खाली टणक तळ लवकर लागत नाही, म्हणून चाक फिरवाल तितकं खोल जातं. तिथं तुराट्या, पऱ्हाट्या, पोतं, जे असेल ते चाकाखाली घालावं लागतं.

बर्फाचं वेगळं आहे. ताज्या बर्फावर टायरच्या खाचांत बर्फ अडकला तर तो खालच्या बर्फाला धरतो, उलट मदतच होते. भीती वेगळ्या बर्फाची असते. दिवसा ऊन पडून वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावरच गोठतं आणि सकाळी डांबर नुसतं ओलं असल्यासारखं दिसतं. तिकडचे ड्रायव्हर त्याला पाला म्हणतात. डोंगराच्या सावलीतली वळणं आणि पूल ही त्याची जागा. आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. कडाक्याच्या थंडीतला बर्फ तितका घसरत नाही, जितका शून्याच्या आसपासचा घसरतो. कारण शून्याजवळ त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. म्हणजे सकाळी नऊ-दहाला ऊन वर येतं, लोक हॉटेलातून निघतात, तीच वेळ जपायची.

एकाच हौदातलं पाणी

आता वळणाकडं येऊ, कारण खरी भीती तिथं आहे. चढ चढला नाही तर गाडी थांबेल, फार तर मागं घसरेल. वळणावर चुकलं तर दरी आहे.

टायरची पकड हा एक हौद समजा. मार्च-एप्रिलमध्ये टँकर येतो आणि एका हौदात पाणी पडतं. त्यातलंच प्यायला, त्यातलंच जनावरांना, त्यातलंच धुण्याला. एकीकडं जास्त काढलं की दुसरीकडं कमी पडणारच. टायरला तीन कामं असतात, गाडी पुढं नेणं, वळवणं आणि थांबवणं. तिन्हींना पाणी त्याच हौदातून. कोरड्या रस्त्यावर हौद काठोकाठ भरलेला असतो, म्हणून कधी कळतच नाही. बर्फावर तळाला चार बोटं पाणी असतं.

पुढच्या चाकांच्या गाडीत पुढची दोन चाकं ओढतातही आणि वळवतातही, मागची जवळजवळ मोकळी. वळणावर रेस दिली की वळवायला काही उरत नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जात राहते. हाताला स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, त्यावरून ओळखायचं. माणूस घाबरतो आणि स्टिअरिंग आणखी फिरवतो, तिथंच चुकतो. चाक जितकं जास्त आडवं होईल तितकं ते नांगरासारखं नुसतं खरडत जातं. रेसवरून पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग थोडं सोडून परत सरळीकडं आणायचं, चाकाला पुन्हा धरू द्यायचं. अर्धा-एक सेकंद लागतो, पण तो अर्धा सेकंद फार लांब वाटतो.

मागच्या चाकांच्या गाडीत कामाची वाटणी बरी आहे. वळवायचं पुढच्यांनी, ढकलायचं मागच्यांनी. म्हणून कोरड्या रस्त्यावर अशी गाडी चालवायला छान लागते. पण निसरड्यावर मागच्या चाकांनी जास्त जोर लावला की ती आडवी सरकतात आणि गाडीचं शेपूट बाहेर निघतं. बैल गाडीला पुढून ओढतात तेव्हा गाडी त्यांच्या मागं सरळ येते. तीच गाडी मागून चौघांनी ढकलली तर धुरा कुठं जाईल सांगता येत नाही, पुढं कोणीतरी धरायला लागतं. तसंच हे.

हे मी अंगावर झेललं आहे, आणि तेही बर्फात नाही, आपल्याच जिल्ह्यात. गळीत हंगामाचे दिवस, जानेवारीची पहाट, साडेपाच-पावणेसहा. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या शेतातून निघून त्याच वळणावर डांबरावर चढलेल्या. त्यांच्या टायरला आलेली माती रस्त्यावर पसरलेली आणि वरून दव पडलेलं. अंधारात रस्ता नेहमीसारखाच दिसत होता. बोलेरोत मी एकटा, मागं काहीही नाही. वळणात गिअर खाली टाकला आणि क्लच जरा झटक्यानं सोडला. एवढंच. मागची चाकं इंजिनाच्या ओढीनं क्षणभर अडली आणि शेपूट डावीकडं निघालं. समोरच्या काचेत रस्ता दिसायचा तिथं तुरीचं शेत दिसायला लागलं. हातानं आपोआप स्टिअरिंग डावीकडं, शेपूट ज्या बाजूला चाललं त्याच बाजूला फिरवलं, ब्रेकला पाय लावला नाही, आणि गाडी दोनदा झोके खाऊन सरळ झाली. थांबून खाली उतरलो तर पाय थरथरत होते. तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला शेतातल्या मोकळ्या जागेत पाणी टाकून, वीसच्या वेगात, एकदा तरी हे करून दाखवतो. नजर जिथं जायचं तिथं ठेवायची, खड्ड्याकडं नाही. हात नजरेच्या मागं जातात.

क्लच झटक्यानं सोडायची ही चूक दोन्ही गाड्यांना भोवते. पुढच्या चाकांच्या गाडीत तीच चूक केली तर पुढची चाकं अडतात आणि स्टिअरिंग कामातून जातं. म्हणून बर्फाळ उतार असेल तर वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर सावकाश उतरायचं. मधे गिअर बदलायची वेळ येऊ द्यायची नाही.

एकच चाक का फिरतं

चिखलात रुतलेली गाडी बघितली आहे ना? चालवणाऱ्या दोन चाकांपैकी एक भन्नाट फिरत असतं आणि दुसरं शांत उभं असतं. हा दोष वाटतो, पण मुद्दाम केलेली सोय आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. दोन्ही एकाच वेगानं फिरवली तर टायर घासून जातील. म्हणून डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. पण त्याचा स्वभाव असा की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एका चाकाखाली निसरडं आलं की त्याला जितका थोडा जोर लागतो तितकाच दुसऱ्यालाही मिळतो. तो गाडी हलवायला पुरत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांना यावरचा उपाय माहीत आहे. बहुतेक ट्रॅक्टरला पायाशी एक छोटा पेडल असतो, डिफरन्शियल लॉक. तो दाबला की दोन्ही मागची चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर निघतो. निघाल्यावर लगेच सोडावा लागतो, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात तेही भारासाठीच. नांगर ओढताना भार मागं येतो, म्हणून मागची चाकं मोठी आणि तीच चालवणारी. हे यंत्र बघितलं की या लेखातलं अर्धं समजतं.

नव्या कारमध्ये हेच काम ट्रॅक्शन कंट्रोल करतं. जे चाक फुकट फिरतंय त्याला ती यंत्रणा आपोआप थोडा ब्रेक लावते, मग जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र लुकलुकतं ते तेव्हा. खोल बर्फात किंवा चिखलात रुतल्यावर मात्र कधी कधी ते बंद करावं लागतं, कारण चाक थोडं फिरल्याशिवाय गाडी निघत नाही आणि यंत्रणा ते फिरूच देत नाही. बटण कुठं आहे ते घरीच शोधून ठेवावं.

थांबताना पुढची-मागची काही नसतं

मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, कारण ही कोणी विचारत नाही. ब्रेक चारही चाकांना असतात, मग गाडी पुढच्या चाकांवर चालो, मागच्या, नाहीतर चारही. ताशी चाळीसच्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण नऊ मीटरमध्ये गाडी थांबते. दाबलेल्या बर्फावर त्याच वेगाला तीस मीटर लागतात. काचेसारख्या बर्फावर साठ मीटरच्या पुढं. आणि समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी अकरा मीटर आधीच संपलेले असतात.

फोर बाय फोर गाडी बर्फात चारही चाकांनी धरून आरामात निघते. हिशेबानं ती वीस टक्के पकडीच्या बर्फावर शंभर मीटरला वीस मीटरचा चढ चढू शकते, दोन चाकांच्या गाडीच्या जवळपास दुप्पट. त्यामुळं आतल्या माणसाला रस्ता बरा आहे असं वाटायला लागतं. पण थांबायची वेळ आली की तिच्याकडंही तीच चार टायर आणि तोच बर्फ. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडं नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळं चाकं जाम होत नाहीत आणि ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग ऐकतं, हा फार मोठा फायदा आहे. पण बर्फावरचं अंतर त्यानं नऊ मीटर होत नाही.

टायर, हवा, साखळ्या

थंड देशांत हिवाळ्याचे वेगळे टायर घालतात. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, ते रबर मऊ राहतं. आपण परभणीहून जाताना ते शोधत बसणार नाही. पण घासलेल्या टायरवर जाऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो. हवेचा एक गमतीशीर हिशेब आहे. परभणीत दुपारच्या तीस अंशांत ३३ हवा भरली आणि मनालीत पहाटे उणे पाच असलं, तर थंडीनं पाच-सहा पीएसआय उतरते. पण मनाली दोन हजार मीटर उंचीवर आहे, बाहेरची हवा विरळ, त्यामुळं मीटरवर अडीच-एक परत वाढलेली दिसते. एकूण तीनेक कमी. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, एकदा बघायची.

बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती लोखंडी साखळ्या बांधतात. त्या नेहमी चालवणाऱ्या चाकांना बांधायच्या. अर्टिगाला पुढं, बोलेरोला मागं. कोणीतरी दुसऱ्याचं बघून चुकीच्या चाकांना बांधतं आणि मग साखळी बांधूनही गाडी जागची हलत नाही. पुढच्या चाकांना बांधली असेल तर एक जपायचं. पुढचं नाक घट्ट धरतं आणि मागची चाकं मोकळी असतात, त्यामुळं उतारावर जोरात ब्रेक दाबला की शेपूट फिरतं. वेग तीसच्या आत ठेवायचा आणि बर्फ संपला की साखळ्या काढायच्या, डांबरावर त्या तुटतात आणि टायर खातात.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलही त्यानं विचारलं, कारण दुकानाशेजारी एकानं घेतली आहे. त्यांचं जरा वेगळं आहे. बॅटरी पूर्ण तळाशी पसरलेली असल्यामुळं पुढचा-मागचा भार बराच समान होतो, आणि मोटार अत्यंत बारकाईनं आवरता येते. म्हणून मागची चाकं परत आली आहेत. एमजी कॉमेट आणि महिंद्राची बीई सिक्स मागच्या चाकांवर चालतात. पण पाय उचलला की मोटारच ब्रेकसारखं ओढते, आणि ती ओढ फक्त चालवणाऱ्या चाकांवर पडते. निसरड्यावर ती ओढ कमीवर ठेवायची.

मग शेवटी काय ठरलं

अर्टिगाच न्यायची ठरली. माझंही मत तेच होतं, आणि त्याला चढाचा हिशेब कारण नव्हता. जवळपास दोन हजार किलोमीटरच्या रस्त्यात बर्फ लागला तर शेवटच्या काही किलोमीटरांत लागणार. बाकी सगळा प्रवास कोरड्या डांबरावर, तीन लेकरांना घेऊन. तिथं जी गाडी बसायला बरी आणि ब्रेकला नीट, ती न्यावी. तिसऱ्या रांगेमागच्या जड बॅगा मधल्या रांगेत पायाशी घ्यायला सांगितल्या, तेवढा भार पुढं सरकतो.

मनालीच्या पुढं अटल बोगदा आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला, नऊ किलोमीटर लांब, तीन हजार मीटरच्या वर. त्यातून पलीकडं लाहौलात निघालं की हिवाळ्यात बर्फच बर्फ. बर्फ पडला की मनाली आणि बोगद्याच्या मधल्या सोलंगच्या पुढं पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या बांधलेल्या गाड्याच सोडतात. मी म्हणालो, तो तुकडा तिथल्या ड्रायव्हरच्या फोर बाय फोर टॅक्सीनं करा. पैसे जातील, जाऊ द्या. त्या माणसाला कोणत्या वळणावर सावली असते ते पाठ आहे.

"आणि गाडी हॉटेलच्या चढावर अडकली तर?"

दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत, रेस कमीत कमी. चाक फिरायला लागलं की लगेच थांबायचं, कारण फिरणारं चाक खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत करतं. पुढं-मागं थोडं थोडं हलवायचं. चाकापुढं वाळू किंवा माती टाकायची, नसेल तर पायातली मॅटिंग. चढाच्या खाली, गाडीच्या मागं कोणालाही उभं करायचं नाही, ढकलायलासुद्धा नाही.

साखळ्या त्यानं आधीच मागवल्या. रविवारी सकाळी त्याच्या अंगणात आम्ही त्या बांधून बघितल्या, कोरड्या फरशीवर, जॅक न लावता, साखळी चाकापुढं पसरून त्यावर गाडी चढवून. पहिल्यांदा पाऊण तास गेला आणि आतला हूक लागेना. मग त्याच्या बायकोनं पलीकडून आडवं पडून तो लावला. तिसऱ्या वेळेला दोघांनी मिळून सोळा मिनिटांत दोन्ही चाकं केली. मी त्यांना आणखी एकदा करायला सांगितलं, या वेळी हातमोजे घालून.